शेंद्रीची कॅथरीन

"मालन, तो निळा शर्ट काढ," आप्पा म्हणाले.

पाण्याच्या टाकीमागं त्यांनी मला दंडाला धरून ओढत आणलं होतं. सामना सुरू व्हायला तास उरला होता आणि तो शर्ट अंगावर चढवून मला धड अर्धा तासही झाला नव्हता. निळाशार, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत देशाचं नाव आणि त्याखाली बाराचा आकडा. बारा म्हणजे राखीव. बाकड्यावर बसायचं, पाणी द्यायचं, टाळ्या वाजवायच्या. पण म्हणून काय झालं? शर्ट तर भारताचाच होता ना! घातल्याबरोबर मी आरशासमोर एकदा पुढून आणि सात-आठ वेळा पाठमोरी उभी राहिले होते.

"काढू? का म्हणून?"

"आधी काढ, मग सांगतो."

"आधी सांगा, मग बघते."

आप्पा थोरवे म्हणजे आमच्या नवयुग मंडळाचे सर्वेसर्वा, आणि या सामन्यांपुरते भारताच्या संघाचे प्रशिक्षक. पाचवीत असल्यापासून मी त्यांच्या हाताखाली खो-खो खेळत होते. माणूस असा, की समोरच्याच्या डोळ्यात बघूनच शिव्या घालणार. त्या दिवशी मात्र ते टाकीच्या गळक्या नळाकडं बघत बोलत होते. तिथंच मला कळलं, काहीतरी शिजतंय.

"पाहुण्यांच्या दोन पोरी आडव्या झाल्यात," आप्पा म्हणाले. "आठच उरल्या."

"अगं बाई! कशानं?"

"कशानं काय विचारतीस? तुझ्या आईच्या पुरणपोळ्यांनी!"

आता हे सांगायला पाहिजे. देशाचं नाव मी सांगत नाही, त्या बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. लांबून, समुद्रापलीकडून मोजून दहा जणी आल्या होत्या. शेंद्रीसारख्या गावात आंतरराष्ट्रीय सामना! क्रिकेटवाल्यांना रोजचं असेल ते, आम्हा खो-खोवाल्यांना जन्मात एकदा. त्यासाठी दीड महिना आमचं मैदान बंद ठेवलं होतं. लाल माती आणून टाकली, रोलर फिरवला, पाणी मारलं आणि भोवती काटेरी तार. आम्ही पोरी सराव करायचो बाजारच्या रस्त्यावर, म्हशी चुकवत. त्या भानगडीत आमच्या मंडळाची राज्य स्पर्धा पहिल्याच फेरीत गेली. पण एक झालं. पाहुण्या येणार म्हणून मैदानाला पोरींसाठी संडास बांधला गेला. पंधरा वर्षं आम्ही मागत होतो, तेव्हा कुणाला ऐकू येत नव्हतं. पाहुण्यांनी मागितलासुद्धा नाही, तर तीन आठवड्यांत तयार, वर निळा रंग.

तर जेवणाचं. आदल्या दिवशी दुपारी गावातल्या बायकांनी पाहुण्यांना पंगत दिली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, ठेचा, तुपाची धार. त्या पोरींच्यात म्हणे ताटात काही टाकलं तर यजमानाचा अपमान होतो, म्हणून त्या ताट रिकामं करायच्या. आणि आमच्यात रिकामं ताट दिसलं की बायकांचे हात शिवशिवतात. त्या संपवतायत, ह्या वाढतायत. त्या घाम पुसत संपवतायत, ह्या म्हणतायत, "बघा, पोरीला आवडलं!" आमची आई तर त्यातल्या कॅथरीन नावाच्या पोरीच्या मागं हात धुऊन लागली होती. नाव कॅथरीन असलं तरी तिची आजी गोव्याची, रंगानं माझ्यासारखीच सावळी, म्हणून आईला तिचा फार लळा. सहा पोळ्या खाल्ल्या बाईनं. आणि आता सामन्याच्या दिवशी ती नि तिची मैत्रीण सरकारी दवाखान्यात सलाईन लावून पडल्या होत्या.

"नऊ जणी उभ्या राहिल्या नाहीत तर सामना रद्द," आप्पा म्हणाले. "दिल्लीचे निरीक्षक आलेत. ते मोजणार. सामना रद्द म्हणजे कागद रद्द. आपल्या पोरींना आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट नाही."

माझ्या डोळ्यांसमोर उज्जी उभी राहिली.

उज्ज्वला तोडकर, माझी जिवाची मैत्रीण, भारताच्या पहिल्या नऊ जणींत. खांबावर तिच्यासारखा सूर मारणारी पोरगी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. पोलीस भरतीचा तिचा फॉर्म तयार होता, फक्त हे सर्टिफिकेट जोडायचं बाकी होतं. शेवटची तारीख आठ दिवसांवर. आणि तिच्या वडलांनी सरळ सांगितलं होतं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर वैशाखात लग्न. मुलगासुद्धा बघून ठेवला होता. उज्जीनं त्याला एकदा बघितलं आणि दोन दिवस जेवली नाही.

"मग मी काय करू म्हणता?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"त्यांचा हिरवा शर्ट घाल. कॅथरीनच्या नावानं उभी राहा. तुला आजारी दाखवून आपल्या यादीतनं नाव खोडतो. बाकीच्या दोघी राखीव बाहेरच्या राज्यातल्या, त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तू घरची."

"म्हणजे भारताच्या विरुद्ध खेळू?"

"परवा कोल्हापुरात दुसरा सामना आहे. तोवर त्या दोघी उठतात. तिथं तुला पहिल्या नवात घेतो. माझा शब्द."

आप्पांचा शब्द म्हणजे शब्द. तो पोकळ नव्हता, हे मी आजही सांगते. मी शर्ट काढला. आत जाऊन, त्या नव्या निळ्या संडासात. त्याचं उद्घाटन माझ्या हातून असं व्हायचं होतं. घडी घालून शर्ट आप्पांच्या हातात दिला आणि मग मात्र मला रडू फुटलं.

"एक लक्षात ठेव," आप्पा शर्टाकडं बघत म्हणाले. "जास्त पळू नकोस. त्या बिचाऱ्या व्हिडिओ कॅसेट बघून खेळ शिकल्यात. त्यांच्यातली एकच हरणासारखी पळायला लागली तर निरीक्षकांना संशय येईल. दीड मिनिट पळ नि बाद हो."

मैदानात आलो तेव्हा चार हजार माणूस होतं. लोक झाडांवर, शाळेच्या कौलांवर, बैलगाड्या जोडून त्यावर. माईकवाल्यानं एकेक नाव पुकारलं आणि माझ्यापाशी येऊन तो जरा अडखळला. शाळेत तीन वर्षं माझ्या मागच्या बाकावर बसायचा मेला. "आणि... नऊ नंबर... कॅथरीन!"

मग मंडपातून आमची रखमाकाकू ओरडली, "अगं बया, ही तर खरमाट्यांची माल..." पुढचा शब्द कुणीतरी तिच्या तोंडात पदर कोंबून आतच ठेवला. गावाला काही समजावून सांगावं लागत नाही. दोन मिनिटांत चार हजार माणसांनी आपापसांत ठरवून टाकलं आणि शाळेच्या कौलांवरून पहिली आरोळी आली, "कॅथरीऽऽन!" मग काय, सगळं मैदान गरजायला लागलं. निरीक्षक खूश. शेजारच्या सरपंचांना म्हणाले म्हणे, "आपके गाँव के लोग मेहमानों से कितना प्यार करते हैं!" सरपंचांनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली.

उज्जी मात्र माझ्याकडं बघत नव्हती. नाणेफेकीच्या वेळी जवळून गेली तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, "तू असलं करायला नको होतंस."

"गप. सूर नीट मार."

पहिल्या डावात मी आप्पांचं ऐकलं. दीड मिनिट पळाले, मनातल्या मनात आकडे मोजत. एकदा उज्जी पाठीमागं आली तेव्हा वळायचं सोडून पाय जड केले. पाठीवर तिची थाप पडली. बाद. बाहेर येऊन बसले. पाचवीपासून मी खो-खो खेळत होते, पण मुद्दाम बाद झाल्याची ती पहिली वेळ. तोंडाची चव गेली.

मध्यंतरात त्यांची कप्तान हेलन माझ्याशेजारी येऊन बसली. उंच, नाकावर उन्हानं सोललेली, शाळेत शिक्षिका होती. ती हळू, सुटं सुटं इंग्रजी बोलली, मला कळावं म्हणून. निम्मं कळलं, पण नेमकं तेच कळायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "तू थांबलीस. मी बघितलं."

मी मान खाली घातली.

"आम्ही दोन वर्षं केक विकून तिकिटं काढली," ती म्हणाली. "बिनपगारी रजा टाकली. आमच्याकडं हा खेळ कुणाला माहीत नाही. हरायलाच आलोय, ते ठाऊक आहे आम्हाला. पण आमच्या अंगातला शर्ट घालून तू मुद्दाम हरू नकोस. तेवढं करू नकोस."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बाटलीतलं पाणी आधी मला दिलं आणि मग स्वतः प्यायली.

मी आप्पांकडं बघितलं. ते पलीकडून मला दोन बोटं दाखवत होते, एक सरळ, एक अर्धं वाकवलेलं. दीड. मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या डावात त्यांच्या पहिल्या दोन तुकड्या, म्हणजे सहा पोरी, दोन मिनिटं चाळीस सेकंदांत बाद झाल्या. डाव सात मिनिटांचा. तिसऱ्या तुकडीत आम्ही तिघी उतरलो. हेलन पहिल्या 'खो'लाच बाद झाली, दुसरी तिच्या मागोमाग. उरले मी एकटी. समोर आठ जणी ओळीनं उकिडव्या बसलेल्या, नववी माझ्या मागं. आणि चार मिनिटं शिल्लक.

पळाले बाबा! काय पळाले! ती माती माझी होती. पावसाळ्यात तिच्यातले दगड वेचले होते, रोलर फिरवूनही चौथ्या पाटीपाशी, म्हणजे चौथ्या आडव्या पट्ट्यापाशी, ती जरा खोलगट आहे हे बाहेरून आलेल्यांना माहीत नव्हतं, मला होतं. भारताच्या दोघी राखिवांतली केरळची पोरगी आता आत आली होती, वाऱ्यासारखी धावायची, तिला त्या खोलगटात दोनदा चुकवलं. खांबाला वळसा, उलटी हुलकावणी, पुन्हा ओळीत. "खो! खो! खो!" एवढंच ऐकू येत होतं आणि वरून गावाचं "कॅथरीऽऽन!" आता ते नाटक राहिलं नव्हतं. गाव खरंच ओरडत होतं, चप्पल उडवत होतं. भारत जिंकणार हे नक्कीच होतं, त्याची कुणाला फिकीर नव्हती.

शेवटचं अर्धं मिनिट उज्जीच्या वाट्याला आलं. खांबापाशी मी आणि ती. सूर मारायच्या आधी उज्जी डावा तळवा मांडीला पुसते. हे जगात दोघींनाच माहीत, एक तिची आई आणि दुसरी मी. तिनं तळवा पुसला. मी बाहेर जायचं सोडून आत शिरले, खांबाला चिकटून. ती हवेतून माझ्या कमरेवरून गेली, बोटं शर्टाला घासलीसुद्धा असतील, आणि शिट्टी वाजली. वेळ संपली.

नाबाद.

हेलननं मला उचललं आणि आम्ही दोघी पडलो. उज्जी मातीत पालथी पडून हसत होती की रडत होती, काही कळत नव्हतं.

गंमत इथं संपायला हवी होती. पण अजून गुरुजी होते.

देशमाने गुरुजी गुणलेखक होते. शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. तीस वर्षं सामन्यांचे गुणतक्ते लिहिले, एकात खाडाखोड नाही. शाईचं पेन, टपोरं अक्षर. मी सही करायला टेबलापाशी गेले तर तक्ता सगळा भरलेला, फक्त पाहुण्यांच्या बाजूला नऊ नंबरापुढं नावाची चौकट कोरी.

"नाव काय लिहू?" गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले.

आप्पा घाईनं म्हणाले, "गुरुजी, कॅथरीन लिहा की! निरीक्षक खोळंबलेत."

"तुम्हाला नाही विचारलं, थोरवे." गुरुजींचा आवाज चढला नाही. "जी पळाली तिला विचारलं. चार मिनिटं वीस सेकंद नाबाद. परदेशी संघाकडून इतकं कुणी पळालेलं मी बघितलं नाही. बोल पोरी. तू सांगशील ते लिहीन. खरं सांगितलंस तर खरं लिहीन, मग सामन्याचं काय व्हायचं ते होवो."

आई शप्पथ सांगते, त्या घडीला मला माझं नाव हवं होतं. मालन गणपत खरमाटे. टपोऱ्या अक्षरात, शाईनं. छातीत ते असं वर आलं होतं की तोंड उघडलं असतं तर आपोआप बाहेर पडलं असतं. निरीक्षक तीन पावलांवर उभे होते, हात पुढं करून.

मी मागं बघितलं. उज्जी बाकड्यावर बसून गुडघ्यावरची माती झाडत होती. टेबलापाशी काय चाललंय ते तिला माहीत नव्हतं. वडील तिच्याशेजारी उभे राहून कुणाला तरी अभिमानानं काहीतरी सांगत होते.

"कॅथरीन," मी म्हणाले. "कॅथरीन लिहा, गुरुजी."

गुरुजींनी शाईचं पेन टोपण लावून खिशात ठेवलं, कानावरची शिसपेन्सिल काढली आणि ते नाव तेवढं पेन्सिलीनं लिहिलं. घाईत निरीक्षकांच्या ते ध्यानातही आलं नाही. दिल्लीला जाणाऱ्या नकलेवर शिक्का बसला आणि गुरुजींचा मूळ तक्ता मंडळाच्या कपाटात गेला.

कोल्हापूरचा सामना झालाच नाही. आणखी तीन पोरी आजारी पडल्या आणि हेलन त्यांना घेऊन माघारी गेली. जाताना ती हिरवा शर्ट मला ठेवून गेली. पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्यानं दगा दिला. आप्पांचा शब्द आप्पांच्या तोंडातच राहिला, आणि जाईपर्यंत ते माझ्याशी नळाकडं बघूनच बोलले. अकरा जणींना सर्टिफिकेटं मिळाली. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत. उज्जी पोलिसात गेली, वैशाखातलं लग्न मोडलं, पुढं स्वतःच्या पसंतीनं केलं. आणि मी शेंद्रीत शाळेच्या पोरींना खो-खो शिकवते. गाव मला अजून कॅथरीनबाई म्हणतं. भाजीवालीसुद्धा. नव्या सुनांना वाटतं, मी ख्रिश्चन.

गेल्या महिन्यात, सत्तावीस वर्षांनी, शेंद्रीत पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना झाला. आता मॅटवर खेळतात, मातीचा संबंध नाही. माझ्या हाताखालची एक पोरगी भारताकडून पहिल्या नवात उतरली. जेवणाचं मी आधीच बजावून ठेवलं होतं, वरण-भात नि एकच चपाती, आग्रह करणारीला मैदानाबाहेर काढीन. प्रमुख पाहुण्या पोलीस निरीक्षक उज्ज्वला तोडकर. गणवेशात, कमरेला पट्टा, कानशिलावर पांढरे केस.

सामन्याआधी जुने फोटो काढायला आम्ही दोघींनी मंडळाचं कपाट उघडलं. तळाशी तो तक्ता सापडला. कागद पिवळा पडलेला, पण गुरुजींची शाई जशीच्या तशी. उज्जीचं नाव, माझ्या पहिल्या डावाचं ते लाजिरवाणं दीड मिनिट, आणि त्याखाली, चार मिनिटं वीस सेकंद, नाबाद. नऊ नंबराची चौकट मात्र कोरी होती. पेन्सिल केव्हाच पुसून गेली होती.

उज्जी त्या कोऱ्या चौकटीकडं बघतच राहिली. गुरुजींनी मला काय विचारलं होतं, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. ती खुर्चीत बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"एक खरं सांग," मी विषय बदलायला विचारलं. "तो शेवटचा सूर. हात आखडलास ना?"

"आईची शप्पथ, नाही!" ती उसळून म्हणाली. "जीव काढलास माझा त्या दिवशी. अजून स्वप्नात येतेस."

सत्तावीस वर्षं हेच एक मला विचारायचं होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

उज्जीनं नाक पुसलं, गणवेशाच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढं धरलं. शाईचं होतं.

"लिही," ती म्हणाली.

मी पेन हातात घेतलं. चौकट माझ्याच मापाची होती. बाहेर माईकवर पोरींची नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

"तू रिटायर कधी होणार?" मी विचारलं.

"अजून सहा वर्षं आहेत. का?"

मी टोपण लावलं आणि पेन तिच्या खिशाला परत अडकवलं.

"मग सहा वर्षांनी ये," मी म्हणाले. "पेन घेऊन ये."